चोरते

सकाळी सव्वासातला दूध केंद्रावर थोरल्याचा कॅन मापात रिकामा झाला आणि माप भरलं नाही. मापाड्याने मान वर न करता विचारलं, आज कमी? थोरला म्हणाला, "चोरते."

मागे लाइनीत कुणीतरी खाकरलं. मापाड्याने विचारलं, "घरचीच का?" थोरला तेव्हा सायकलचा दोर सोडवत होता. तो म्हणाला, "घरचीच. बाहेरची कुठून येणार?" यावर सगळी लाइन हसली.

थोरल्याला गाय म्हणायची होती. तांबडी काही दिवसांपासून पान्हा अडवून धरत होती. कास भरलेली असायची, सड ताठ असायचे, पण दोनचार धारा निघाल्या की ती दूध वर ओढून घ्यायची. जनावर असं करायला लागलं की ते चोरतं म्हणतात. त्यात कुणाची बेअब्रू नसते. केंद्रावर गाय हा शब्द वेगळा उच्चारायचीही पद्धत नाही. आटली, व्याली, लाथाडते, चोरते असं नुसतं म्हटलं तरी कुणाबद्दल ते कळतं. त्या दिवशी मापाड्याने ते कळून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. लोक का हसले ते थोरल्याला परतीच्या वाटेवर पुलाजवळ उमगलं. त्याने सायकल थांबवली, थोडा वेळ उभा राहिला आणि मग घराकडेच वळवली. तेवढ्यासाठी मागे कशाला जायचं, असं वाटलं, हे त्याने नंतर सांगितलं.

त्याच्या बायकोला ही गोष्ट दुपारी गिरणीत कळली. घरात तिला थोरली म्हणत आणि बाहेरही तेच नाव पडलं होतं. दळणाच्या रांगेत शेजारची शिलाईवाली होती. तिने थोरलीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, नक्की किती पितेस गं, की विकतेस? थोरलीला आधी काहीच समजलं नाही. समजलं तेव्हा गिरणी चालू होती आणि बोलायचं तर ओरडावं लागलं असतं. तिने दळणाचा डबा उचलला, डोक्यावर ठेवला आणि ती निघाली. डाव्या मनगटाला झिणझिण्या येत होत्या म्हणून डबा तिने एकाच हाताने धरला होता.

त्या मनगटाची गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण तांबडीच्या चोरण्याचं मूळ तिथे होतं. थोरली लग्न होऊन आली तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोठ्यात बसत होती. अंगठा आत मुडपून, त्याच्या पेरावर सड दाबून धार काढायची तिची सवय होती. हिवाळ्यापासून तो अंगठा सुजला आणि सूज मनगटात उतरली. बाजारच्या डॉक्टरने हात दाबून बघितला, हाडं ठिसूळ होतायत म्हणाला आणि दूध घेत जा असं सांगितलं. घरी गाय आहे, असं थोरली म्हणाली. मग अडचण काय आहे, असं डॉक्टरने विचारलं. त्यावर ती हसली होती. मग तिने धार काढायचा हात बदलला, अंगठा सोडून मुठीने पिळायला लागली. तांबडीला नवा हात आवडला नाही.

अडचण काय होती ते त्या भागातल्या कुठल्याही बाईने डॉक्टरला सांगितलं असतं. दूध लहान पोराला, बाळंतिणीला, आजाऱ्याला, पाहुण्याला आणि घरातल्या एका होतकरू गड्याला. बाकीच्यांना चहा, आणि चहातही रंग पालटेल एवढंच. या घरात होतकरू म्हणजे धाकटा, थोरलीचा दीर. तो भरतीसाठी पहाटे धावायला जायचा आणि आल्यावर तांब्याभर प्यायचा. थोरलीचा मुलगा शिकायला लांब राहत होता, त्यामुळे पोराच्या वाट्याचंही केंद्रावर जात होतं. दूध काढणारी, गाळणारी, तापवणारी आणि भांडी घासणारी थोरली. रिकाम्या पातेल्यात पाणी फिरवून ते पांढुरकं पाणी आपल्या चहात घालायची. एवढंच दूध तिच्या तोंडात जात होतं, आणि त्याबद्दल तिची कधी तक्रार नव्हती.

उन्हाळा कडक होता. ओढ्याकाठचं हिरवं संपलं होतं. जनावरं वाळला चारा चघळत उभी असायची. केंद्राचा टँकर अर्धा भरून जात होता आणि चेअरमनने घरोघर निरोप धाडला होता की ठरलेलं दूध आलंच पाहिजे. अशा दिवसांत माप कमी भरलं की कुणाचं तरी नाव घेतलं जातंच.

संध्याकाळी थोरल्याने पाय धुतले तेव्हा ती चुलीपुढून उठून आली.

"केंद्रावर काय म्हणालात तुम्ही?"

"गाईला म्हणालो मी."

"गाय म्हणालात?"

"गाय कशाला म्हणायला हवं? दूध काय मी देतो होय?"

ती म्हणाली, उद्या जाऊन सांगा. थोरल्याने विचारलं की काय सांगू, माझी बायको चोरत नाही, गाय चोरते, असं सांगू? आणखी हसतील. "हसू देत," ती म्हणाली. "आज मला हसले. उद्या तुम्हाला हसतील. फिटंफाट होईल." सासू खाटेवर बसून शेंगा फोडत होती. लोकांच्या तोंडाला का हात लावता येतो, चार दिवसांत विसरतील, असं ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने सुनेला उद्देशून म्हटलं नाही, पण शेंगांनाही नाही. आपल्या काळात अशा गोष्टी उगाळत बसायला बायकांना सवड नव्हती, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी थोरला केंद्रावरून आला. थोरलीने विचारलं, सांगितलंत? गर्दी होती, तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी मापाड्याची घाई होती. चौथ्या दिवशी तिने विचारलंच नाही.

त्या दिवशी उजाडल्यावर तिने तांबडीची धार काढली, दूध गाळलं आणि कॅनचं झाकण लावायच्या आधी फडताळातला पितळी पेला घेतला. हा पेला पाहुण्यांचा. तो काठोकाठ भरून ती पुढच्या दारात, पायरीवर जाऊन उभी राहिली. केंद्रावर जाणारी वाट तिथूनच होती. दोन सायकली गेल्या, कॅन वाजवत. शिलाईवाली समोर अंगण झाडत होती. थोरलीने पेला तोंडाला लावला आणि खाली न आणता संपवला. वरच्या ओठावर फेस राहिला, तो पुसला नाही.

सासू आतून बघत होती. "हे काय गं?" तिने विचारलं.

"नाव पडलंच आहे, आई. नावाला जागते."

थोरला कॅन सायकलला बांधत होता. त्याने दोराची गाठ दोनदा मारली आणि गेला.

त्या पेल्याची किंमत थोरलीने दुपारी मोजली. ती चारा कापायला कालव्यावर गेली होती. उकाड्यात वाकल्यावर पोटात गुरगुरायला लागलं, मग कळ आली, मग धावावं लागलं. एकदा जाऊन विळा हातात घेतला तोच पुन्हा. बरोबरच्या बायका हसून हसून बसल्या. एकीने म्हटलं, चोरीचा माल राहत नाही बघ पोटात. थोरली घामाने निथळत, ओटीपोट दाबून बांधावर बसली आणि थोड्या वेळाने तीही हसली. पण चारा कमी कापला गेला आणि ते घरी दिसलं.

सासूला ते पुरेसं होतं. "बाईमाणसाला दूध पचत नाही," ती म्हणाली. "उगाच का कुणी देत नव्हतं?"

"भाऊजींना बरं पचतं."

"तो गडी आहे."

"एक दिवस खंड नाही त्यांना जन्मापासून," थोरली म्हणाली. "पचेल नाही तर काय करेल? माझं शेवटचं दूध बाळंतपणातलं. पोट विसरलं असेल."

वासराला चाऱ्यावर आणताना कुणी टोपली पुढे ठेवत नाही, मूठमूठ देतात. तिने स्वतःला तसं आणलं. दुसऱ्या दिवशी तीन घोट, तेही तापवून, भाकरीनंतर. मग थोडं दही. मग पाव पेला. पोट वाजायचं, फुगायचं, रात्री डाव्या कुशीवर झोपता यायचं नाही. ती रोज पायरीवर उभी राहूनच प्यायची. घोट असले तीन, तरी पेला तोच आणि जागा तीच. वाटेने जाणाऱ्यांनी आधी थांबून पाहिलं, मग न थांबता पाहिलं, मग काही जण मान दुसरीकडे वळवून जायला लागले.

धाकट्याच्या तांब्यातलं दूध उतरलं. तो स्वभावाने गरीब होता, पण धावून आलेल्या माणसाला भूक असते. "वहिनी, मी धावतो हो," तो म्हणाला.

"मी काय झोपलेली असते का?"

तो विचारात पडला आणि तांब्या घेऊन बाहेर गेला.

आठवड्याने सासूने गोठ्याच्या दारात उभं राहून जाहीर केलं की ज्या हाताने चोरी त्या हातात चरवी नको. उद्यापासून धाकटा धार काढेल. थोरलीने चरवी उंबऱ्यावर ठेवली आणि ती चुलीकडे गेली. धाकट्याने दुसऱ्या दिवशी बाह्या वर केल्या. तांबडीने त्याला वास घेऊ दिला, कास धुवू दिली, पहिली धार दिली आणि मग मागचा पाय उचलून चरवीत ठेवला. सगळं दूध शेणात गेलं. तो गुडघा चोळत उठला. संध्याकाळी सासू स्वतः बसली. एके काळी तिचा हात गावात नावाजलेला होता. तिने गाईशी गोड बोलून पाहिलं, वासरू सोडून पाहिलं, शेवटी शिव्या दिल्या. बोटं आखडली आणि तांब्याभरच निघालं. दुसऱ्या दिवशी चरवी थोरलीच्या हाताशी, चुलीजवळ येऊन पडलेली होती. कुणी ठेवली ते कुणी बोललं नाही. तिने ती घेतली, गोठ्यात गेली आणि सुजला अंगठा बाहेर ठेवून मुठीने पिळायला लागली. तांबडीने कान हलवले. एव्हाना तिला नव्या हाताची सवय झाली होती. पान्हा पूर्ण सुटला.

म्हणजे आता गाय चोरत नव्हती. कॅनमध्ये जे कमी पडत होतं ते खरोखरच थोरली पीत होती. थोरल्याची अडचण यामुळे वाढली. मापाडी रोज विचारायचा, काय, आज किती चोरी? लाइन रोज हसायची, आता सवयीने. थोरला घरी येऊन कॅन आपटायचा. एका सकाळी त्याने तो आपटला आणि कॅन अंगणभर गडगडत गेला.

"आता कसं सांगू त्यांना?" तो म्हणाला. "तेव्हा सांगितलं असतं तर खरं होतं. आता तू पितेसच."

"मग तसं सांगा. पिते म्हणून सांगा."

"त्यात काय फरक पडतो?"

"चोरते आणि पिते यात?" थोरलीने कॅन उचलून सरळ उभा केला. "लोकांना नसेल कळत. तुम्हाला कळतो का, ते सांगा."

उद्यापासून तूच जा केंद्रावर, तो म्हणाला. हे त्याने रागात म्हटलं होतं. तिने ते काम म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लाइनीत एकटी बाई होती. पुढच्याने मागच्याला कोपराने ढोसलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. कुणी वाकडं बोललं नाही. उलट एकाने कॅन उचलू का म्हणून विचारलं. नको, तिने सांगितलं. तिची पाळी आली. मापाड्याने दादा कुठे आहेत असं विचारलं. घरी, ती म्हणाली. त्याने दूध मापात ओतलं, काठीने फेस बाजूला केला आणि तोंडाशी आलेलं हसू दाबत म्हणाला, "कमी आहे."

"कमी नाही," थोरली म्हणाली. "पिऊन उरलं तेवढं आणलंय."

मापाड्याचा हात थांबला. बाईने दूध प्यायलं, ही बातमी जुनी झाली होती. हा शब्द नवा होता. केंद्रावर घालून घरात राहतं ते उरलेलं. त्याचा चहा होतो. केंद्राला उरलेलं घातलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मागचा एक म्हातारा आपल्या कॅनकडे बघून म्हणाला, हं. थोरलीने पावती घेतली, कॅन विसळला आणि ती चालत घरी आली. शिलाईवालीला तिने झालेलं सांगितलं, आणि हेही सांगितलं की परत जायची वेळ आली तर तेच बोलेन.

दुपारपर्यंत तो शब्द चेअरमनच्या घरी पोचला. संध्याकाळचं दूध घेऊन धाकटा गेला आणि भरलेला कॅन घेऊन परत आला. निरोप असा होता: केंद्राला उरलंसुरलं नको. घरातला कर्ता माणूस येऊन नीट बोलेल, चुकलं म्हणेल, तेव्हा बघू. तोवर तुमचं दूध बंद.

धाकट्याने निरोप ओट्यावर उभं राहून सांगितला आणि कॅन खाली ठेवला. सासू कपाळावर हात मारून बसली. झालं समाधान, ती म्हणाली, आता घाल गटारात. थोरला भिंतीला टेकून बसला होता. त्याने कॅनकडे पाहिलं आणि मग बायकोकडे.

उकाडा असा होता की तासाभरात दूध नासलं असतं. थोरलीने घरातलं सर्वांत मोठं पातेलं काढलं, ते पुरलं नाही म्हणून पाणी तापवायचं पातेलं काढलं. दोन्ही चुली पेटवल्या. घरात एवढं दूध एका वेळी कधी तापलं नव्हतं. साय धरायला लागली, वास ओटीवर गेला, वाटेवर गेला. विरजण मात्र घरात वाटीभरच होतं. शिलाईवाली पदराखाली दह्याचं भांडं घेऊन मागच्या दाराने आली. जाताना तिने विचारलं, तांब्याभर नेऊ? ने की, थोरली म्हणाली. थोड्या वेळाने गिरणीतली एक जण आली. मग आणखी दोघी, रिकामी भांडी घेऊन, काहीतरी दुसरंच विचारायला आल्यासारख्या.

थोरलीने पेला भरून नवऱ्यापुढे ठेवला.

"मला चहा दे," तो म्हणाला.

"चहा उद्या. आज हे संपवायचंय."

त्याने पेला बराच वेळ हातात धरला. फुंकर मारली. पहिला घोट औषधासारखा घेतला, दुसरा सावकाश. मिशीला साय लागली. शेवटचं दूध कधी प्यायलो ते आठवत नाही, असं तो म्हणाला. बाबा गेले आणि कॅन माझ्या हातात आला तेव्हा बंद झालं असेल. सासूने हे ऐकलं. तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"आई, तुम्हाला?"

"मला नको. माझ्याने नाही जायचं आता." मग, भिंतीकडे बघत, "पातेलं घासू नकोस लगेच. खरवड ठेव माझी."

पातेल्याच्या तळाला लागलेली तांबूस, करपट खरवड. लग्न होऊन आल्यापासून आपण तीच खात आलोय आणि आपल्याला ती आवडते, असं तिने सांगितलं. आवडते हे इतक्या वर्षांत कुणाला माहीत नव्हतं. थोरली खरवडायचं उचटणं शोधायला उठली.

जेवणं झाल्यावर सासूने मुलाला विचारलं, उद्या काय करणार? चुकलं म्हण आणि मोकळा हो, चेअरमनशी वैर धरून आपलं चालायचं नाही. थोरला म्हणाला, बघतो. थोरली भांडी आवरत होती. ती म्हणाली, "चुकलं म्हणायचं असेल तर म्हणा. पण कुणाचं, ते नीट सांगा. मागच्यासारखं अर्धं बोलू नका." त्याने मान वर केली नाही, आणि नाही असंही म्हटलं नाही.

आज सकाळी तिने धार काढली. दूध गाळलं, आपला पेला भरला, तांब्या भरला आणि राहिलेलं कॅनमध्ये ओतलं. पायरीवर उभी राहून ती प्याली. पोटाने आता काही म्हटलं नाही. थोरल्याने अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, कॅन सायकलला बांधला. काय बोलणार ते त्याने कुणाला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. झाकण सैल आहे, एवढंच म्हणाली. त्याने ते दाबून बसवलं आणि तो गेला.

धाकटा धावून परत आला तो केंद्रावरून. दम खात त्याने सांगितलं की दादा लाइनीत सर्वांत पुढे उभा आहे. कॅन मापाशी ठेवलाय, पण झाकण काढू देत नाही, हात ठेवून उभा आहे. चेअरमनही आलाय. दादा काहीतरी बोलतोय.

"काय बोलले?" थोरलीने विचारलं.

"मी रस्त्यावर होतो, वहिनी. ओठ हलताना दिसले, आणि बोट स्वतःच्या छातीकडे."

"लोक हसत होते?"

धाकट्याने आठवून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "कुणीच हसत नव्हतं."

केंद्र साडेआठला बंद होतं. नऊ वाजून गेले आहेत. थोरला अजून आलेला नाही.